पालथे आबा

आबांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते ती आधी पालथी करून बघत. आहेरात आलेला स्टीलचा डबा असो, कुणाच्या मुलाने मुंबईहून आणलेला ट्रान्झिस्टर असो, नवी लाकडी खुर्ची असो. चहा दिला तर कप खाली ठेवून बशी उलटी करत, तिचं बूड नीट न्याहाळत आणि मगच तीत चहा ओतत. घरातल्या बाईला उगीचच आपण काहीतरी लपवून ठेवलंय आणि ते आता सापडणार असं वाटू लागे. वाडीतली पोरं त्यांना 'पालथे आबा' म्हणत, आणि पुढे मोठी माणसंही म्हणू लागली.

"वरनं काय, सगळंच चकाकतं," आबा म्हणत. "बूड दाखव."

ही सवय त्यांना कामातून लागली होती. आमची वाडी रत्नागिरीहून आरे-वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, कातळाच्या कडेने वसलेली. वाडीच्या मालकीचे तांब्याचे सात मोठे टोप होते. लग्न, बारावं, शिमग्याचं जेवण, काहीही असलं तरी पंगतीचा भात आणि आमटी या टोपांत शिजायची. ते देवळामागच्या खोलीत असत आणि त्या खोलीची किल्ली आबांच्या करगोट्याला. कुणाला टोप हवे असतील तर आबांकडे यायचं आणि आबा विचारतील तेवढ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. लग्नाच्या घरी वरपक्षाने विचारले नसतील इतके प्रश्न आबा विचारत.

प्रत्येक टोपाच्या बुडाला टिंबं ठोकलेली होती. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असं करत सातव्याला सात. एकदा मी त्यांना विचारलं होतं, की खूण काठावर का नाही? चुलीवर चढल्यावर बुडाची खूण काजळीत बुजून जाते, मग उपयोग काय तिचा? आबांनी माझ्याकडे, मी हायस्कुलात शिकवतो याचं वाईट वाटल्यासारखं पाहिलं.

"मास्तर, काठावरचं कुणीपण वाचतं. बुडाचं घासणाऱ्यालाच दिसतं."

नियम त्यातूनच आला होता. जेवण झालं की त्याच दिवशी टोप राखेने, चिंचेने आणि नारळाच्या सोडणाने असे घासायचे, की टिंबं स्पष्ट दिसली पाहिजेत. मग देवळाच्या अंगणात ओळीने पालथे मांडायचे. आबा वाकून प्रत्येकाची टिंबं बोटाने मोजत. एखाद्या टिंबात काळं राहिलं असेल तर "हा पुन्ना" एवढंच म्हणत, आणि घरमालक कितीही मोठा असला तरी टोप पुन्हा घासला जाई. सगळे टोप परत आल्याशिवाय पंगत उठली असं आमच्या वाडीत धरत नसत.

या हिशेबाने एक पंगत पंचवीस वर्षं उठली नव्हती. पाचवा टोप परत आला नव्हता.

तो कुठे होता हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. शहराबाहेरच्या कातळावर आमरसाचे डबे भरणारा एक मोठा कारखाना होता. त्याच्या कचेरीत शिरल्या शिरल्या समोर काचेची पेटी, पेटीत तांब्याचा टोप आणि खाली पितळी पाटी: 'याच टोपात उद्योगाचा पहिला आमरस आटला.' टोप वरून लखलखीत असे. बुडाची काजळी मात्र तशीच ठेवलेली होती, कारण ती कष्टाची खूण होती, असं तिथला शिपाई पाहुण्यांना सांगे. कारखान्याचे मालक आमच्याच वाडीचे. जिल्हा त्यांना शेट म्हणे. आबा त्यांना बंड्या म्हणत.

शेटनी पहिल्या हंगामात आबांकडून तो टोप नेला, तेव्हा ते खरोखरच बंड्या होते. टोप धंद्याला द्यायचा नाही, असा वाडीचा दंडक होता. लग्नाला द्यावा, मर्तिकाला द्यावा, देवाच्या कामाला द्यावा. आबांनी तो दंडक आयुष्यात एकदाच मोडला, तोही वाडीला न विचारता. का मोडला, हे त्यांनी मला पुढे सांगितलं. "पोरगा दारात बसून आंब्याचं बोलत व्हता. असा बोलत व्हता, की मी त्याला पालथा करून बघायचा विसरलो." आबांचा हा एवढाच हलगर्जीपणा मला ठाऊक आहे, आणि त्यावर एक कारखाना उभा राहिला.

शेटची कहाणी मी निरनिराळ्या सभांत किमान सहा वेळा ऐकली असेन. पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांनी टोप उसना आणला होता. कुणाकडून ते सांगितलं नव्हतं. दोनेक वर्षांनी तो बाजारातून जुना विकत घेतलेला निघाला. मग एका शिक्षकाने विश्वासाने दिला. शेवटी तो आईचा झाला आणि आईचाच राहिला. आईने माहेरून आणलेला एकुलता एक टोप मुलाच्या हाती दिला आणि म्हणाली, 'जा, मोठा हो.' इथे सभागृहात हमखास नाक ओढल्याचे आवाज येत. शेटच्या घरी हापूसची दीडेकशे कलमं होती, माजघरात भांड्यांची उतरंड छताला लागलेली होती आणि आईला भांडी घासायला दोन बायका होत्या, हे ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक होतं. त्यांचीही नाकं ओढली जात.

शेट खोटं बोलत होते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते लक्षात ठेवावं लागतं. शेट ते विसरले होते.

त्याच कहाणीत ते रोज वाडीतून रत्नागिरीपर्यंत अनवाणी चालत जात. हे मी एकदा आबांना पेपरातून वाचून दाखवलं.

"अनवाणी गेला व्हता खरा," आबा म्हणाले. "वाहणा देवळाभायरनं चोरीस गेल्या त्या दिवशी. पण दुपारी एसटीनं आला. नव्या वाहणा घालून."

दर वर्षी शिमग्याच्या आधी आबा कारखान्यात जात. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. सुरुवातीला उत्तर मिळे, "आबा, हा एवढा हंगाम." मग टोप काचेत गेला आणि उत्तर आलं, "आबा, आता तो सगळ्यांचाच झालाय." पुढे शेट भेटेनासे झाले. मॅनेजर बाहेर येई, चहा मागवी. आबा बशी उलटी करून बघत, चहा पीत, पेटीसमोर जाऊन उभे राहत आणि परत येत. पेटीला कुलूप होतं. बूड खाली होतं. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. घरी येऊन मात्र दोन दिवस ते कुणाशी बोलत नसत, आणि बोलले तर "जल्लं मेलं लक्षण" एवढंच.

खरी गंमत वाडीची होती. वाडीतले पुरुष मुंबईला आणि बायका हंगामात कारखान्यावर आंबे सोलायला. काचेतला टोप वाडीचा आहे असं मानलं, तर तो मागायला कुणीतरी जायला हवं होतं, आणि जो मागायला जाईल त्याच्या घरची बाई पुढच्या हंगामात कामावर राहिली नसती. त्यापेक्षा काचेतला टोप शेटच्या आईचाच असणं सोयीचं होतं. मग पाचवा टोप गेला कुठे? तो आबांनी विकला. हे तोंडावर कुणी म्हणालं नाही. पण शिमग्याच्या जेवणाला सहाच टोप बाहेर आले, की मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी हसत विचारी, "काय आबा, सातवरनं सहावर? पुढच्या वर्षी पाच काय?"

आबांना ते लागे, कारण किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली होती. गुडघे गेले होते, वाकून टिंबं मोजताना भिंत धरावी लागे. पण अपुरी भांडी पुढच्या माणसाच्या हवाली करायची नाहीत, हाही वाडीचाच नियम. "सात घेतले व्हते, सात देणार," ते म्हणत. "सहा दिले तर लोकं म्हणतात ता खरं ठरतंय."

यात माझा हात कसा काळा झाला तेही सांगायला हवं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कारखान्याचा रौप्यमहोत्सव ठरला आणि स्मरणिका लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. माझं शुद्धलेखन बरं होतं आणि मी वाडीचा होतो. आबा संध्याकाळी माझ्या ओटीवर येऊन बसले. त्यांना एकच ओळ हवी होती: 'पहिला टोप वाडीने दिला.' आबांचं नावही नको. मी शब्द दिला. ओळ लिहिली आणि मजकूर शेटना दाखवायला नेला.

शेटनी ती ओळ दोनदा वाचली. रागावले नाहीत. माणूस गोडच होता.

"गुरुजी, तुम्ही साहित्याची माणसं, तुम्हांला मी काय सांगायचं? वाडीचा टोप म्हटलं की ऐकणारा म्हणतो, बरं. आईचा म्हटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मला माझ्यासाठी नको हो. तरुण पिढीला प्रेरणा मिळायला हवी."

मी वाद घातला नाही. घरी येऊन ओळ खोडली आणि आईवर एक परिच्छेद लिहिला. तो चांगला उतरला, हे मला आजही नाइलाजाने मान्य करावं लागतं. आबांना मी काहीच सांगितलं नाही.

समारंभ ठरला मेमध्ये, मंत्र्यांच्या सोयीने. वाडी आणि कामगार मिळून हजार पानांचं जेवण. समारंभाच्या चार दिवस आधी शेटच्या लोकांच्या लक्षात आलं, की मे महिना लग्नांचा आणि शहरातल्या एकाही मंडपवाल्याकडे मोठी भांडी शिल्लक नाहीत. मॅनेजर जीप घेऊन वाडीत आला. देवळाच्या पायरीवर आबा बसले होते, शेजारी मी. अंगणात माझ्या चुलतभावाची बायको, इंदूवहिनी, कोकमं वाळत घालत होती. वाडीच्या प्रत्येक जेवणाची भांडी घासण्यात ती पुढे असे, आणि हंगामात कारखान्यावर आंबे सोलायलाही. आम्हांला वाटलं, आबा आता मॅनेजरला उभा सोलणार. पहिला टोप परत केला नाही त्याला दुसरा मिळत नसे.

"हजार पान?" आबा म्हणाले. "सहा टोपांत होईल. नेवा. पण नियमानं परत आले पायजेत. त्याच दिवशी, घासून, पालथे. सगळे."

"म्हणजे सहाच्या सहा."

"सगळे म्हंजे सगळे."

मॅनेजरने मान हलवली. त्याला ते म्हाताऱ्याचं लांबण वाटलं. कोकमं पसरणाऱ्या इंदूवहिनीचा हात मात्र थांबला. तिने एकदा आबांकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

समारंभात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. व्हिडिओवाल्याचा दिवा डोळ्यांवर आणि हातात स्मरणिका. काचेची पेटी व्यासपीठावर आणून ठेवली होती; तिचं झाकण काढलं, मंत्र्यांनी टोपाला हार घातला, उदबत्ती ओवाळली. मग मी आईचा परिच्छेद वाचला. मंत्र्यांनी रुमाल काढला. शेटनी चष्मा पुसला. ते पुसणं अगदी खरं होतं. त्या घटकेला त्यांना ती आई डोळ्यांसमोर दिसत असणार, जिने आयुष्यात कधी टोप उचलला नव्हता.

तिसऱ्या ओळीत आबा बसले होते. माझा परिच्छेद संपला तेव्हा त्यांनी मांडीवरची स्मरणिका उचलली, उलटी केली आणि मागची बाजू बघितली. मागे टोपाचा रंगीत फोटो होता, वरून काढलेला. त्यांनी ती पुन्हा सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर आभारप्रदर्शनापर्यंत मी काय काय बोललो, ते मला आठवत नाही.

जेवणं आटोपली. दुपारी चारच्या सुमारास कारखान्याच्या शेडमागे नळावर बायका भांडी घासायला बसल्या. इंदूवहिनी पदर खोचून उठली, दुसऱ्या एका बाईला बरोबर घेतलं आणि सरळ समारंभाच्या हॉलमध्ये गेली. शिपाई हार गोळा करत होता. पेटी उघडीच होती.

"टोप घासायला नेतंय," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर टोप घासायला नेतात, यात त्या शिपायाला काहीच वावगं दिसलं नाही. "ने बाय," तो म्हणाला. "इतकी वर्षं घासलेला नाय कुणी तो."

दोघींनी कड्यांना धरून टोप उचलला. पंचवीस वर्षांची काजळी ती. राख पुरेना, चिंच पुरेना. दोन सोडणं झिजली. इतर बायका आपापले टोप सोडून भोवती उभ्या राहिल्या.  पहिलं टिंब दिसलं तेव्हा एक म्हातारी "अगो बाय" म्हणाली. मग दुसरं, तिसरं. पाचवं दिसल्यावर इंदूवहिनीने बुडावर पाण्याचा तांब्या ओतला आणि मला हाक मारली.

"भावजी, या इकडं. मगाशी काय छान वाचलंत. आता ह्ये वाचा."

मी पाच टिंबं मोठ्याने मोजली. तेवढं तरी केलं.

आबांच्या देखत टेंपोत टोप चढत असताना शेट आले. बायका बाजूला झाल्या. शेटनी टोपाचं बूड पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ती लाज नव्हती. तो नुसता गोंधळ होता. ज्याने तो टोप कधीच घासला नाही, त्याला बुडाला काही असतं हेच माहीत नव्हतं.

"आबा," ते हळूच म्हणाले, "फोटो निघालेत. पेपरला जायचेत. आजचा दिवस राहू दे."

"बंड्या, जेवान कधी झालं?"

"आज."

"मग परत कधी?"

 शेटमधला व्यापारी जागा झाला. "आबा, मी वाडीला नवा टोप करून देतो. याच्या दुप्पट जड. मुंबईहून मागवतो."

"मागव की," आबा म्हणाले. "आन् तोच ठेव पेटीत."

त्या संध्याकाळी देवळाच्या अंगणात सात टोप पालथे मांडले गेले. आबांनी भिंत न धरता सातही मोजले. पाचव्यापाशी त्यांचं बोट जरा जास्त वेळ राहिलं. "हा पुन्ना" म्हणतील की काय, असं आम्हांला वाटलं.  पण त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि इंदूवहिनीपुढे धरली. बाईच्या हाती ती किल्ली तोवर कधी गेली नव्हती. कुणीतरी पुरुषांमधून खाकरलं. "काय झालं?" आबा म्हणाले. "तुमच्यापैकी घासलाय कुणी कधी टोप?" खाकरणं थांबलं. टोप विकल्याची कुजबुजही त्या दिवसापासून बंद पडली. उलट आपण पहिल्यापासून आबांच्याच बाजूचे होतो, हे जो तो मला सांगू लागला.

इंदूवहिनीला पुढच्या हंगामात कारखान्यावरून बोलावणं आलं नाही. तिने कोकमाचं आगळ करून बाजारात विकायला सुरुवात केली आणि त्यावर घर चालवलं. ती कहाणी कुठल्या सभेत कुणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि शेटनी आबांचा सल्ला अक्षरशः पाळला. पंधरा दिवसांत काचेच्या पेटीत टोप परत आला. चांगला जड, वरून लखलखीत, बुडाला व्यवस्थित काजळी धरवलेला. पितळी पाटी तीच. शिपाई तेच सांगे, पाहुणे तसेच हात जोडत. मी आबांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते चिडतील.

"मला माजा टोप पायजे व्हता," ते म्हणाले. "त्याची गोष्ट मी कशाला मागू?"

त्यांनी माझ्या परिच्छेदाबद्दल मला कधी एका शब्दानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर ते घरी आले की मी चहाची बशी घासूनपुसून देत असे. ते ती उलटी करून बघत आणि चहा पीत.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस आबा गेले. शेट मोटारीतून बाराव्याला आले, पंगतीत मांडी घालून जेवले आणि डोळे पुसत म्हणाले, की आबा हे आपले पहिले गुरू. टोप आईचा होता, पण त्यात पहिला आशीर्वाद आबांनी घातला. कहाणी आणखी थोडी मोठी झाली होती. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या.

शेटची गाडी गेल्यावर मी आबांच्या घरामागे गेलो. बायका घासायला बसल्या होत्या. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि इंदूवहिनीपुढचा पाचवा टोप ओढून घेतला. तिने राखेचं घमेलं माझ्याकडे सरकवलं. तासभर घासल्यावर मी तिला टोप दाखवला. ती वाकली, बोटाने टिंबं चाचपली, चौथ्यापाशी थांबली.

"हा पुन्ना," ती म्हणाली.

पुन्हा घासला. नंतरचे आठ दिवस फळ्यावर लिहिताना माझी नखं काळी दिसत होती.